एसी, कूलर, पश्चिमेची खिडकी आणि कुंडीतलं झाड

घरातल्या झाडांबद्दल बोलणं निघालं की पहिला प्रश्न पाणी किती घालायचं आणि दुसरा ऊन किती लागतं, तापमानाचं सहसा कोणी विचारत नाही, कारण आपल्याकडे काय बर्फ पडतो का असं सगळ्यांना वाटतं. मग मे महिन्यात पीस लिली मान टाकते, डिसेंबरात गॅलरीतल्या ॲग्लोनिमाची पानं काळी पडतात, आणि दोन्ही वेळा आपण एकच काम करतो, पाणी घालतो. मे मधे एखादवेळेस ते खपून जातं. डिसेंबरात मात्र त्यानेच झाड जातं.

आधी ही झाडं आली कुठून ते बघू, म्हणजे त्यांना काय सवय आहे ते कळेल. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा, ताहितीच्या शेजारचं बेट, तिथे वर्षभर साधारण २२ ते ३० अंश. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातलं, अरेका पाम मादागास्करचं, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं, झीझी पूर्व आफ्रिकेतलं, ॲग्लोनिमा आग्नेय आशियाच्या जंगलातलं. यातली बरीचशी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, उष्ण पण दमट हवेतली, जिथे दिवस-रात्रीत फार फरक पडत नाही. त्यामुळे १८ ते ३० अंशात ती खुश असतात, ३५च्या पुढे नुसती तग धरतात आणि १० च्या खाली गेलं की त्यांना इजा व्हायला लागते. ढोबळ आकडे आहेत हे. स्नेक प्लांट आणि झीझी दोन्ही बाजूंनी थोडं जास्त सोसतात, कॅलाथिया आणि ॲग्लोनिमा कमी.

एवढं वाचून वाटेल की झालं, खोलीत २५ अंश ठेवले की काम संपलं. पण खोलीतली हवा २५ अंश असते तेव्हा झाडाचं पान २५ला असेलच असं नाही, कुंडीतली माती तर अजून वेगळीच, आणि रात्री काय होतं ते आपण बघतच नाही. शिवाय उजेड किती आहे त्यावर पण ठरतं की किती तापमान त्या झाडाला झेपणार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून तेच आधी घेते.

झाड दिवसा उजेडात साखर बनवतं आणि ती साखर जाळून जगतं. बनवायला उजेड लागतो, जाळायला लागत नाही, ते काम चोवीस तास चालू असतं. आता गंमत अशी की जाळण्याचा वेग तापमानावर ठरतो, साधारण दर १० अंशांना तो दुप्पट होतो, म्हणजे २० अंशाला जेवढी साखर जळते त्याच्या दुप्पट ३०ला. बनवण्याचा वेग मात्र घरात बहुतेक वेळा उजेडावर अडलेला असतो. बाहेर भर उन्हात १ लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो, खिडकीला लागून काही हजार, आणि खिडकीपासून ८-१० फूट आत टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात जेमतेम शंभर ते तीनशे. आपल्या डोळ्यांना तो कोपरा छान उजेडाचा वाटतो कारण डोळे जुळवून घेतात, झाड कुठून घेणार. (मोबाईलमधे लाइट मीटरचं ॲप टाकून बघा, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो आणि धक्का पण बसतो.) तर अशा अंधाऱ्या कोपऱ्यात खोली ३४ अंश तापली आणि रात्री पण ३० च्या खाली आली नाही, तर बनतंय जेमतेम आणि जळतंय भरपूर, झाड आपल्याच साठ्यावर जगायला लागतं. आधी नवीन पानं लहान येतात, मग देठ लांबतात, मग खालची पानं पिवळी होऊन गळतात, आणि आपण म्हणतो खत कमी पडलं. खताने काही होणार नाही. त्याला एकतर उजेड वाढवून द्या नाहीतर थंड जागा द्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात थंड जागा मिळत नसेल तर खिडकीजवळ सरकवा. जागा जितकी गरम तितका उजेड जास्त हवा, आणि उजेड कमी असेल तर तिथे गारवा हवा.

याच कारणाने रात्रीचं तापमान महत्त्वाचं. दिवसापेक्षा रात्र ४-५ अंशांनी गार असली की झाडाला दिवसभराची कमाई टिकवता येते. मुंबईत मे मधे रात्री पण २७-२८ असतं, त्यात बंद खोली असेल तर अजून जास्त, म्हणून तिथे बऱ्याच घरातली झाडं एप्रिल-मे मधे मरत नाहीत पण वाढत पण नाहीत, आणि पाऊस सुरू झाला की एकदम पालवी फुटते. सगळे म्हणतात पावसाच्या पाण्याची जादू. पाण्याचं असेलही थोडं, पण हवा दमट झालेली असते आणि रात्री उतरलेल्या असतात हे जास्त.

आणि टॉप फ्लोअरवाल्यांसाठी एक वेगळंच प्रकरण. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात, त्यामुळे बाहेर संध्याकाळी वारा सुटला तरी घरात रात्री नऊ-दहाला बाहेरच्यापेक्षा जास्त तापमान असतं. अशा घरात छताजवळ टांगलेली कुंडी किंवा कपाटावर ठेवलेला मनी प्लांट, तो सगळ्यात गरम थरात असतो कारण गरम हवा वर जाते. खाली जमिनीवर ठेवला तरी दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. फुकटचा उपाय आहे. फ्रीजवर, इनव्हर्टरवर, सेट टॉप बॉक्सच्या शेजारी ठेवलेल्या कुंड्यांबद्दल तर बोलायलाच नको, दिसतं छान पण खालून शेक बसतो.

आता पानाचं. पान स्वतःला गार ठेवतं, खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ सोडून. जोपर्यंत मुळांतून पाणी येतंय आणि छिद्रं उघडी आहेत तोपर्यंत पान हवेपेक्षा थोडं गार सुद्धा राहू शकतं. हवा खूप कोरडी झाली की झाड पाणी वाचवायला छिद्रं बंद करतं आणि मग त्याच उन्हात पान तापायला लागतं. पश्चिमेची खिडकी बंद, काच लावलेली, वारा नाही, दुपारी चारचं ऊन थेट पानावर, अशा वेळी खोलीत ३२ अंश असतील तरी पान ४० च्या पुढे जाऊ शकतं. पानावर पांढरट-तपकिरी वाळका डाग पडतो, तो फक्त उन्हाच्या बाजूच्या पानांवर असतो, त्यावरूनच ओळखायचं की हा रोग नाही, भाजलंय. भाजलेला भाग परत हिरवा होत नाही. कुंडी दीड-दोन फूट आत घ्या किंवा पातळ पांढरा पडदा लावा, नाहीतर बाहेरून ग्रिलला हिरवी नेट बांधा. बाहेरून बांधलेली नेट आतल्या पडद्यापेक्षा जास्त काम करते कारण ऊन काचेतून आत यायच्या आधीच अडतं, आत आलेली उष्णता मग खोलीतच फिरत राहते.

दुपारी झाड मलूल दिसलं की लगेच पाण्याचा तांब्या घेऊन धावू नका, हे मी शेजारी-पाजारी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. आधी बोट मातीत घाला. माती ओली असेल आणि तरी पानं लोंबत असतील तर मुळं पाणी द्यायला कमी पडतायत एवढंच, संध्याकाळी आपोआप उभं राहतं. ओल्या गरम मातीत अजून पाणी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि गरम मातीत तर मुळांना हवा जास्तच लागते.

मातीवरून आठवलं, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या. नर्सरीतून रोप येतं तेच काळ्या पिशवीत किंवा काळ्या कुंडीत, तिथे शेडनेटखाली ते ठीक असतं, आपण आणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवतो आणि दुपारी त्या कुंडीच्या बाजूला हात लावून बघा, चटका बसतो. उन्हाच्या बाजूची माती ४५ च्या पुढे सहज जाते आणि मुळांची टोकं ४० च्या आसपासच मरायला लागतात. मातीच्या कुंडीचं तसं होत नाही, ती बाजूने पाझरते आणि त्या बाष्पीभवनाने माती गार राहते, पाणी मात्र वारंवार घालावं लागतं. प्लास्टिकच वापरायचं असेल तर पांढरी किंवा फिक्या रंगाची घ्या, नाहीतर काळी कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळू भरा. फरशीवर थेट ठेवण्यापेक्षा दोन विटांवर ठेवली की खालून पण हवा जाते.

आणि पाणी कुठलं घालता? गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे मधे दुपारी दोनला नळातून येतं ते हात धुवायला पण नको वाटतं, पाईपमधलं तर त्याहून गरम. ते सरळ कुंडीत ओतलं की सकाळपासून जेमतेम तग धरलेल्या मुळांना तेवढंच कमी होतं. सकाळी बादली भरून घरात ठेवा आणि तेच वापरा. हिवाळ्यात उलटं, पहाटेचं टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा पण तीच बादलीची पद्धत, रात्री भरायची, सकाळी उशिरा घालायची. आफ्रिकन व्हायोलेट ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे मुद्दाम बघावं, त्याच्या पानांवर गार पाणी पडलं तर पिवळट-पांढरट वळ्यांचे डाग पडतात आणि ते जन्मभर जात नाहीत.

एसीबद्दल खूप गैरसमज आहेत. लोक म्हणतात एसीची थंडी झाडाला सोसत नाही. २४-२५ अंश हे तर बहुतेक झाडांना आवडणारं तापमान आहे, अडचण त्याच्या कोरड्या झोताची असते. एसी खोलीतली हवा गार कॉइलवरून फिरवतो आणि हवेतलं पाणी तिथे जमून पाईपने बाहेर टपकतं, ते जे बादलीभर पाणी येतं ना ते तुमच्याच खोलीतल्या हवेतून आलेलं असतं. (ते पाणी झाडांना चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, उलट बोअरच्या जड पाण्यापेक्षा बरंच. फक्त पाईप स्वच्छ असावा.) झोताच्या रेषेत असलेल्या पानाच्या कडा आधी वाळतात, टोकं तपकिरी होतात, कॅलाथिया आणि फर्नचं तर आठवड्यात कळतं. कुंडी झोतातून बाजूला घेतली की निम्मं काम झालं. दुसरी गोष्ट चढउताराची, रात्री बेडरूम १८ वर आणि दिवसभर तीच खोली बंद, ३६ वर, असा रोजचा हिसका दमट जंगलातल्या झाडाला जड जातो. बेडरूममधे काही ठेवायचंच असेल तर स्नेक प्लांट ठेवा, त्याची छिद्रं मुळात रात्री उघडतात आणि रात्र गार असली की त्याचं काम बरं चालतं, १८ ला त्याला काही होत नाही.

विदर्भातला कूलर हा मात्र झाडांसाठी माझ्या मते एसीपेक्षा कधीही चांगला. नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा १०-१२ अंश, कधी त्याहून जास्त उतरते, आणि सोबत ओलावा घेऊन येते. पीस लिली, अरेका, मनी प्लांट कूलरच्या खोलीत, अगदी तोंडासमोर नाही पण बाजूच्या भिंतीला, मे महिना आरामात काढतात. मुंबई-कोकणात कूलरचा उपयोग नाही कारण हवा आधीच ओली आहे, पण तिथे गरज पण नाही.

कोरडेपणाचा हिसाब एकदा आकड्यात बघितला की डोक्यात बसतो. २० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाण्याची वाफ धरते, ३० ला ३० ग्रॅम, आणि ४० ला ५१. म्हणजे हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, आणि ती रिकामी जागा ती झाडातून ओढून भरते. हवेत पाणी तेवढंच, तापमान २० वरून ४० वर गेलं, तर झाडावरचा ताण कित्येक पट वाढलेला असतो. म्हणूनच मुंबईतले ३३ आणि अकोल्यातले ४३ यातला फरक नुसत्या १० अंशांचा नसतो. आणि म्हणूनच त्या फवारणीच्या बाटलीचा फारसा उपयोग नाही, स्प्रे मारला की पाच-दहा मिनिटात वाळून जातं आणि हवा होती तशीच. धूळ धुतली जाते हा फायदा धरा. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकत्र चिकटून ठेवा, एकमेकांच्या वाफेने त्या कोपऱ्यातली हवा जरा दमट राहते.

हिवाळ्याचं बोलू. पुण्यात बाहेर ८-१० अंश असतात तेव्हा बंद घरात बहुतेक १८-२० असतात, त्यामुळे आतल्या झाडांना भीती नाही, प्रश्न गॅलरीतल्या आणि उघड्या खिडकीतल्या झाडांचा आहे. निफाडकडे पारा ५ च्या आसपास येतो तेव्हा द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, अशा भागात कुंड्या रात्री आत घ्यायलाच हव्यात. नेमकं होतं काय तर झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं, आणि थंडीत खोबरेल तेल जसं बाटलीत गोठतं पण शेजारचं करडईचं तेल पातळच राहतं, तसाच या झाडांच्या आवरणात फरक असतो. थंड प्रदेशातल्या झाडांचं आवरण गारठ्यात लवचिक राहतं, उष्ण जंगलातल्या झाडांचं १०-१२ च्या खाली ताठर होतं, त्यातून आतलं पाणी-क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. यासाठी बर्फ पडायला लागत नाही. आणि हे लगेच दिसत नाही, गारठ्याची रात्र होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी पानांवर पाणी भरल्यासारखे काळपट डाग येतात, तोपर्यंत ती रात्र आपण विसरलेलो असतो.

त्यात पाणी. गार मातीत मुळं पाणी फार हळू ओढतात, बाष्पीभवन कमी, वाढ थांबलेली, त्यामुळे उन्हाळ्यात तीन दिवसात सुकणारी कुंडी जानेवारीत बारा-पंधरा दिवस ओली राहते. आपण सवयीने तिसऱ्या दिवशी परत घालतो. झीझी आणि स्नेक प्लांट हिवाळ्यात बुडाशी मऊ पडून कुजतात ते थंडीने नाही, थंडीतल्या पाण्याने. सुकी माती असेल तर हीच झाडं १० अंशाची रात्र सहज काढतात. आणि डिसेंबरात कुंडी बदलू नका, मे मधे पण नको, तुटलेली मुळं भरून यायला कोमट ओली माती लागते, जून-जुलै सगळ्यात चांगला.

थंडीचा एक फायदा पण सांगते, ऑर्किडवाल्यांना हे हमखास विचारायचं असतं. लग्नात-वाढदिवसाला भेट म्हणून येतं ते फॅलेनॉप्सिस ऑर्किड, फुलं दोन-तीन महिने टिकतात आणि मग वर्षानुवर्षं नुसती पानं. त्याला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे तापमान उतरलेलं लागतं, दिवसा २५ च्या आसपास आणि रात्री २० च्या खाली-वर, आणि २८ च्या वर सतत राहिलं तर दांडा येतच नाही. पॉलीहाऊसवाले हे पंखे आणि ओल्या पॅडने मुद्दाम करतात. पुणे-नाशिकला नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्वेच्या खिडकीत ठेवलं तर हे फुकटात होतं. मुंबईत खिडकीत ठेवून वाट बघत बसणं अवघड, तिथे रोज रात्री एसी लागणारी खोली हाच मार्ग, झोतापासून लांब आणि दिवसा उजेड मिळेल अशी.

मोजायचं कसं हा प्रश्न राहिला. मोबाईलवर दिसतं ते शहराच्या वेधशाळेचं किंवा अंदाजाचं तापमान, तुमच्या खिडकीचं नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतं, कमाल-किमान लक्षात ठेवणारं घ्या, आणि भिंतीवर टांगण्यापेक्षा कुंडीजवळ पानांच्या सावलीत ठेवा, यंत्रावर थेट ऊन पडलं तर ते स्वतःचंच तापमान दाखवतं. दोन-तीन दिवस ठेवलं की किमान-कमाल कळतं आणि कुठली जागा कोणाला हे आपोआप ठरतं.

परदेशातल्या आपल्या लोकांचं गणित यापेक्षा वेगळं, आणि तिथे बहुतेकांचा जीव अडकलेला असतो कढीपत्त्यात. न्यू जर्सी, टोरांटोकडे उन्हाळाभर डेकवर मस्त वाढलेला कढीपत्ता, रात्रीचं तापमान १० च्या जवळ यायला लागलं की आत घ्यायचा, पहिल्यांदा दव गोठायची वाट बघायची नाही. आत आणल्यावर हीटिंग सुरू असतं, आणि बाहेरची हवा ० अंशाला पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात घनमीटरला ५ ग्रॅमच पाणी असतं, तीच आत येऊन २१ अंशाला तापली की आर्द्रता २५ टक्क्यांवर येते, म्हणजे घरात ऐन हिवाळ्यात अकोल्याचा मे. त्यात काचेला टेकलेली पानं रात्री गारठतात आणि खालून हीटरची गरम हवा लागते. काचेपासून वीतभर लांब, हीटरच्या जाळीपासून अजून लांब, आणि जमलं तर वरून ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा. तरी पानं गळतील. कढीपत्ता गार आणि कमी उजेडात झोपतो, ती पानगळ म्हणजे मरण नाही, नखाने फांदी जराशी खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. तोपर्यंत खत बंद, पाणी वरची दोन बोटं माती सुकल्यावरच, आणि मार्च-एप्रिलमधे कोंब दिसले की मग हळूहळू पाणी वाढवायचं. बाहेर काढायचा तो रात्रीचं तापमान सतत १० च्या वर राहायला लागल्यावर, आधी आठवडाभर सावलीत.